वाचक विचारतात : जात्यावरच्या बाईचं लेकरू काऊन मेलं?

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमच्या गावात ख्रिस्ती लोकांची चार-पाच घरं आहेत, त्यातला एक जण माझा लहानपणचा दोस्त. मागच्या पावसाळ्यात त्याचं सहा महिन्यांचं पोट्टं निमोनियानं गेलं. मयतीला बाहेरगावचे एक पाळक आले होते, ते बोलले की देव न्यायी आहे, घरात काही चुकलं असेल ते तपासून पाहा. दोस्त गप राहिला पण वहिनीनं तेव्हापासून उपासनेला जाणं सोडलं. मंग मी त्यांच्याकडचं बायबल मागून आणलं आणि निर्गमाचं पुस्तक वाचलं. चूक मिसरच्या राजाची आणि मारलं कोणाला, तर सगळ्यांची पहिली लेकरं, जात्यामागं बसणाऱ्या दासीचंसुद्धा! हा कोणता न्याय म्हणायचा? आणि मी हिंदू, मला हे विचारायचा हक्क आहे का तेही सांगा.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, हक्काचं आधी उरकून टाकू. 1857 साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भर गर्दीत वाद घालत होते, त्यांना कोणी हक्क विचारला नाही. आणि बायबलमध्येच अब्राहाम देवाच्या तोंडावर विचारतो की सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, आणि मंग देव नाश करायला निघालेलं सदोम शहर वाचवायला, तिथं किती नीतिमान लोक सापडले तर ते सोडशील, अशी पन्नासापासून घासाघीस करत दहावर आणतो. तेव्हा विचारा बिनधास्त.

आता मिसर, म्हणजे इजिप्त. तिथला राजा फारो इस्राएली लोकांना गुलामीतून सोडत नव्हता, म्हणून देवानं त्या देशावर एकामागून एक दहा पीडा, म्हणजे संकटं, पाठवली. तुम्ही दहावी पीडा वाचली, पहिली लेकरं मरायची, तिच्या आधी सातवी पण वाचा, ती गारपिटीची आहे, आपल्या लोकांना लगेच समजते. सातू निसवलेला होता, जवस फुलावर होता, दोन्ही झोपले, गहू उशिराचा म्हणून वाचला. आता शेत काय एकट्या फारोचं होतं का? चर्चवाले सांगतात की फारोनं आधी इस्राएली लोकांची पोरं नदीत फेकायचा हुकूम काढला होता, तो ऐकत नव्हता, म्हणून एवढं करावं लागलं. हुकमाचं खरं आहे, पहिल्याच अध्यायात आहे. पण पुढं पाहा, सुरुवातीला फारो स्वतःच मन कठीण करतो, आणि सहाव्या पीडेपासून मजकूर सरळ म्हणतो की देवानंच त्याचं मन कठीण केलं. म्हणजे तहसीलदारानंच बांध फोडायचा आणि पंचनामाही त्यानंच करायचा, असं झालं ना. आणि ती दासी तर स्वतःच गुलाम, तिनं कोणाला कोंडलं होतं? तिच्या लेकराचं समाधानकारक उत्तर मला त्या पुस्तकात सापडलं नाही, कोणी दिलेलं पटलंही नाही. बायबलातल्याच पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात अमालेकी नावाच्या शत्रू लोकांची तान्ही पोरंसुद्धा मारायचा हुकूम आहे, त्याचंही तेच. काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात की हे त्या काळच्या माणसांनी आपल्या लढाया देवाच्या नावावर लिहिल्या. मला हे जास्त पटते, पण मंग सगळं पुस्तक अक्षरशः देवाचं बोलणं असं छातीठोक म्हणता येत नाही, तेवढं त्यांनी कबूल करावं.

पण तुमच्या दोस्ताच्या घरासाठी मी निर्गम नाही देणार, ईयोबाचं पुस्तक देईन. ईयोब म्हणजे सज्जन माणूस आणि बडा आसामी, सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या (आपल्याकडं ज्याच्या दावणीला दोन जोड्या तो पाटील), सात पोरं, तीन पोरी. तिकडं वर देवाच्या दरबारात सैतान म्हणतो, त्याचं सगळं हिसकावून पाहा, मंग पाहू किती भक्ती राहते. देव म्हणतो, ठीक आहे. नांगर चालू असताना बैल लुटून नेतात, वाऱ्यानं घर पडून दहाही लेकरं दबून मरतात. ईयोबाला ही पैज शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याचे तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस गुमान त्याच्याजवळ बसून राहतात, तेवढंच त्यांनी चांगलं केलं, कारण तोंड उघडल्यावर त्यांचं एकच पालुपद, तुझं काही तरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही. ईयोब म्हणतो नाही, मी निर्दोष आहे, मला देवासोबत खटला लढायचा आहे पण आमच्या दोघांत मध्यस्थी करणारा कोणी नाही. आणि शेवटी देव कोणावर भडकतो? त्या तिघांवर. म्हणतो, माझा सेवक ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही.

म्हणून मयतीत बोलणारे ते पाळकसाहेब त्यांच्याच ग्रंथाप्रमाणे चुकीच्या बाजूला उभे आहेत. अजून पाहिजे तर येशूची गोष्ट सांगणाऱ्या योहानाच्या पुस्तकात नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप कोणाचं, याचं की मायबापाचं? येशू म्हणतो ना याचं ना त्यांचं. तशाच लूकच्या पुस्तकात शिलोहाचा बुरूज पडून अठरा लोक मेले, तिथंही तो म्हणतो की ते काही बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. हे वहिनीला कोणी तरी वाचून दाखवायला पाहिजे होतं राव.

तरी ईयोबाच्या शेवटानं माझं पोट भरत नाही. देव वादळातून बोलतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास म्हणतो, पण पैजेचा विषयच काढत नाही. मंग सगळं दुप्पट देतो, चौदा हजार मेंढरं, हजार बैलजोड्या. लेकरं मात्र परत सात आणि तीनच. बैल दुप्पट आले म्हणून पहिल्या दहा जणांचं काय झालं, हे कोणत्याही मायला विचारा. माणसाला देवानं मोकळीक दिली म्हणून जगात दुःख आहे, हे उत्तर खून-मारामारीला लागू पडते, निमोनियाला नाही. तुम्ही मत विचारलं म्हणून सांगतो, ज्या न्यायात लेकराचा जीव दुसऱ्याला धडा शिकवायला वापरला जाते तो न्याय मला मान्य नाही, मंग करणारा कोणीही असो. आणि आपण हिंदूंनी लय ताठ व्हायचं कारण नाही, आपल्याकडं त्याच मयतीत मागच्या जन्मीचं पाप काढणारे बसलेच असते.

प्रश्न : माझी आजी मेळघाटातली, कोरकू. तिनं आयुष्यात येशूचं नाव ऐकलं नाही. आमच्या नव्या मंडळीतले (चर्चमधले) भाऊ म्हणतात ती नरकात गेली, कायमची. खरंच का भाऊ?
— एक ताई, अमरावती जिल्हा

उत्तर : ताई, यावर चर्चचंच एकमत नाही. कॅथलिकांनी 1964 साली व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना येशूची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे जगतात त्यांनाही तारण मिळू शकते. बरीच नवी मंडळी हे मानत नाहीत. तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला, त्याला तर आशा होती की शेवटी सगळेच देवाकडं परत येतील, पुढं चर्चनं ते मत नाकारलं. पण तुमच्या त्या भाऊंना मत्तयाचा पंचविसावा अध्याय उघडून द्या. तिथं शेवटच्या न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेल्याला जेवण दिलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याला भेटायला गेला का याची. मंग त्यांना विचारा, आजीच्या दारातून कोणी उपाशी गेलं होतं का.