ब्लिंट्झ फाटतायत? पीठ बदलायच्या आधी पॅनचं बूड बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवेना, म्हणून जरा लांबच लिहितोय. बटाट्याचे ब्लिंट्झ (म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची, पातळ धिरड्यात सारण गुंडाळून लोण्यात परतलेली गुंडाळी) करताना धिरडं मधेच फाटतं, कडा जाड आणि चिवट राहतात, गुंडाळताना सारण बाहेर येतं, आणि तुम्ही मैदा वाढवला, अंडं वाढवलं, दूध कमी केलं तरी तेच. हे सगळं मी भोगलंय. "मधे पातळ, कडेला जाड" असं तुम्ही लिहिलंत ना, तिथेच माझी खात्री पटली. पीठ बिघडलं असतं तर धिरडं सगळीकडे सारखंच बिघडलं असतं. एकाच धिरड्यात दोन जाड्या येतात त्या पॅनमुळे.

आधीच सांगतो, मी काही शेफ नाही. माझा अनुभव न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमधल्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवरचा आहे, गॅसवर थोडा फरक पडेल.

तर पॅन. नॉनस्टिक पॅनचं बूड मधे किंचित वर फुगलेलं असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भाजी, ऑम्लेट सगळं त्यात नीट होतं. पण ब्लिंट्झचं पीठ इतकं पातळ असतं की ते उतार शोधतंच, मधून वाहून कडेला जमतं. वर काचेच्या शेगडीवर असं पॅन नीट टेकत नाही, त्यामुळे उष्णताही एकसारखी लागत नाही. माझं पॅन तर नवं कोरं होतं, खोक्यातून काढल्यापासूनच तसं. म्हणून मी कंपनीच्या वॉरंटी विभागाला लिहिलं (नाव घेत नाही) आणि तिथे माझे आठवडेच्या आठवडे गेले. आधी पावती पाठवा. मग बुडाचा फोटो पाठवा. मग पट्टी ठेवून फोटो पाठवा. तो पाठवला तर म्हणे फोटो मिळालाच नाही, आणि तक्रार परस्पर बंद. नवीन तक्रार केली की नवीन माणूस, परत पावतीपासून सुरुवात. आणि मधेच एकाने लिहिलं की पॅन ठीक आहे, तुमच्या पिठाचं प्रमाण चुकत असेल! पॅन ज्यांनी बनवलं तेच सांगतायत म्हटल्यावर मी पीठच बदलत बसलो. शेवटचं उत्तर काय, तर थोडा फुगवटा "डिझाइनचाच भाग" आहे. काही पॅनचं बूड मुद्दाम किंचित आत घेतलेलं असतं हे खरं आहे, तापल्यावर ते सपाट व्हावं म्हणून. पण माझं तापल्यावरही मधे तसंच उंच राहायचं, त्याला कसलं डिझाइन म्हणायचं?

पैशांचं एवढं नाही. आमच्या शेजारी एक ज्यू आजी राहायच्या, मूळच्या युक्रेनच्या. त्यांना शेगडीपाशी फार वेळ उभं राहवत नव्हतं आणि त्यांना त्यांच्या आईच्या हातचे असायचे तसे बटाट्याचे ब्लिंट्झ खायचे होते. त्या खुर्चीत बसून सांगायच्या आणि मी करायचो, आणि दर वेळी फाटलेले तुकडे ताटात. धड एकसंध ब्लिंट्झ जमायच्या आत त्या मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या. त्या ईमेलमध्ये गेलेल्या आठवड्यांचा मला अजून राग आहे, आणि म्हणूनच हे इतकं लिहितोय. वॉरंटीसाठी भांडायचं तर जरूर भांडा, पण तोपर्यंत थांबू नका, दुसरं पॅन आणा किंवा उसनं घ्या.

तपासायचं कसं, तर थंड पॅन सपाट ओट्यावर ठेवा आणि त्यात दोन-तीन चमचे पाणी घाला. पाणी मधे पसरून राहिलं तर ठीक, कडेला पळालं तर त्या पॅनमध्ये ब्लिंट्झ विसरा. आठ इंची, हलकं पॅन हवं, कारण पीठ ओतल्यावर मनगटाने पटकन फिरवायचं असतं. बिडाचा डोशाचा तवा कितीही छान सीझन झालेला असू दे, तो हातात धरून फिरवता येत नाही. आणि गरम पॅन नळाखाली धरू नका, चांगली सपाट पॅनसुद्धा त्याने वाकतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही धिरडं उलटताय असं पोस्टवरून वाटलं. उलटायचं नाही! ब्लिंट्झचं धिरडं एकाच बाजूने भाजतात. वरचा ओलेपणा गेला आणि कडा सुटल्या की भाजलेली बाजू वर येईल असं कापडावर पालथं करायचं. सारण भाजलेल्या बाजूवर, कच्ची बाजू बाहेर. खालची कड सारणावर, दोन्ही बाजू आत, मग गुंडाळायचं. बाहेरची बाजू नंतर लोण्यात परतताना होते. दोन्हीकडून भाजलेलं धिरडं कडक होतं आणि घडीवर तडकतं.

पिठाचं प्रमाण माझं असं: १ कप मैदा, ३ अंडी, १ कप दूध, पाव कप पाणी, २ चमचे तेल, मीठ. घावनाच्या पिठाइतकं पातळ. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, ते टाळू नका. आच मध्यम.

बटाटा मात्र नीट निवडा. इथे अमेरिकेत असाल तर रसेट जातीचे पिठूळ बटाटे घ्या, लाल सालीचे चिकट बटाटे नकोत. भारतात असाल तर जुना, पिठूळ बटाटा. सालासकट उकडा, कुकरमध्ये करायचे तर आतल्या भांड्यात पाणी न घालता. सोलून गरम असतानाच किसा किंवा मॅशरने कुस्करा. मिक्सरमध्ये अजिबात नाही, त्यातला स्टार्च सुटून लगदा होतो. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम सारणाची वाफ धिरडं ओलं करते आणि मग सपाट पॅनमधलं चांगलं धिरडंसुद्धा फाटतं.

चवीबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पहिल्या वेळी हळद, मोहरी, मिरची काहीही घालू नका. बटाटेवड्याची भाजी भरून लोक म्हणतात छान झालं, होतंही छान, पण मग तो ब्लिंट्झ राहत नाही. यात सगळी चव कांद्याची. अर्ध्या किलो बटाट्याला दोन मोठे कांदे, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, चांगले तपकिरी होईपर्यंत, मग मीठ आणि भरपूर मिरपूड. बस. खरी चव माहीत नसेल आणि न्यू यॉर्कला जाणं होत असेल तर ईस्ट व्हिलेजमध्ये वेसेल्का आहे, १९५४ पासूनचं युक्रेनी हॉटेल, तिथे ब्लिंट्झ मिळतात.

कुणा ज्यू मित्रमैत्रिणींसाठी करणार असाल तर आधी विचारा. कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणारे दूध आणि मांस एकत्र खात नाहीत. जेवणात मांस असेल तर पिठात दुधाऐवजी पाणी, परतायला तेल, आणि सोबत सावर क्रीम (आंबवलेली घट्ट साय) नाही. भांडीही वेगळी असतात, त्यामुळे आपल्या घरून नेलेलं काहींना चालतच नाही, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलंय की हा आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा पदार्थ का. नाही, हा पूर्व युरोपातल्या ज्यूंचा. बेने इस्रायलींचा मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) वेगळा, त्यावर कुणी जाणकाराने लिहावं, मी आवडीने वाचेन.

एगलेसचं विचारलंत. होतं, पण अंड्याशिवाय धिरड्याला ताण सोसत नाही, गुंडाळी जवळजवळ नक्की फाटते. त्यापेक्षा सारण कमी घालून नुसतं अर्ध्यात दुमडा आणि हलक्या हाताने परता. चव तीच येते. ॲलर्जी असेल तर अर्थात अंडं घालायचा प्रश्नच नाही.

आणि एकदा जमले की जास्तीचे करून ठेवा. भरून, न परतता, ताटात सुटे सुटे गोठवायचे, मग पिशवीत. खाताना बाहेर काढून ठेवू नका, तसेच गोठलेले मंद आचेवर लोण्यात टाका, घडीची बाजू आधी खाली. सावर क्रीम नसेल तर बांधून ठेवलेलं घट्ट दही, मीठ घालून. साखर नको.