मुलगी ११ वर्षांची आहे. बॉलचे नियम बदलणार म्हणून गोल्फचा नवा सेट घ्यायचं थांबावं का?

थांबू नका. फक्त जो सेट तुमच्या मनात आहे तो घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा महिन्यांपासून पुण्यात शिकते आहे, तिला टीव्हीवरच्या प्रो खेळाडूंसारखी १४ क्लबांची (गोल्फच्या काठ्यांची) बॅग हवी आहे, आणि २०२८ पासून नियम बदलणार हे ऐकून तुमचं पाऊल अडलंय. माझी मुलगी दहाव्या वर्षी खेळायला लागली, आता अठराची आहे. या आठ वर्षांत आमचे बरेच पैसे चुकीच्या जागी गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॉलचं. गोल्फचे नियम सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको, हे जुनंच आहे. तो किती लांब जावा याचीही चाचणी असते. यंत्राने ठरावीक वेगाने मारलेला बॉल ३१७ यार्ड आणि वर ३ यार्डांची सूट, एवढ्यात थांबला पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला बदल असा की अंतर तेच ठेवायचं, पण यंत्राचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैल करायचा. तेव्हाच्या वेळापत्रकात वरच्या पातळीच्या स्पर्धांसाठी २०२८ आणि आपल्यासारख्यांसाठी २०३० हे वर्ष होतं. संस्थांच्याच अंदाजाप्रमाणे सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, हौशी खेळाडूंचे ५ किंवा त्याहूनही कमी. ११ वर्षांच्या मुलीचा स्विंग त्या यंत्राच्या वेगाच्या आसपासही नसतो. तिला फरक जाणवणार नाही. आणि बॉल काही वर्षानुवर्षं सांभाळायची वस्तू नाही. २०३० उजाडेपर्यंत तिचे कितीतरी बॉल हरवलेले असतील.

मला स्वतःला हा नियम पटतो. मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिथे होते त्या अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या गोल्फ मैदानाने शेजारच्या गोल्फ क्लबची जमीन विकत घेतली आणि २०२३ च्या मास्टर्ससाठी आपला १३ वा होल (खेळाचा एक टप्पा) ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांचा केला. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सने टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे न्यायची म्हटली तर कुठे न्यायची? चारी बाजूंनी शहर आहे. बॉल दरवर्षी लांब जात राहिला तर असे कोर्स मोठ्या स्पर्धांसाठी अपुरे पडत जातील.

आता क्लबांकडे येतो, कारण तुमच्या मुलीचं भलंबुरं तिथे ठरणार आहे. आम्ही पहिली चूक तिथेच केली. नात्यातल्या एकांचा जुना सेट होता. एका दुकानात शाफ्ट (क्लबचे दांडे) कापून घेतले, ‘मुलांसाठी असंच करतात’ असं तिथे सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. शाफ्ट कापला की तो आणखी कडक होतो, आणि क्लबचं डोकं मोठ्या माणसाच्या ताकदीला बेतलेलंच राहतं. माझी मुलगी तो क्लब वर नेताना मागे झुकायची आणि खाली आणताना सगळं अंग फेकायची. तिला वाटायचं आपल्याला जमत नाही. दीड वर्षाने कोचनी उंचीप्रमाणे हलका सेट हातात दिला, पण ती मागे झुकण्याची सवय सुटायला आणखी वर्ष गेलं. तिच्या जागी मी असतो तर खेळ सोडला असता. तिने सोडला नाही, याचं श्रेय तिचंच आहे.

म्हणून उंची मोजून मुलांसाठीच बनवलेला सेट घ्या. एक ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा), एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न (मधल्या अंतरांसाठी), एक वेज (जवळून बॉल उचलायचा), एक पटर (बॉल हळूच खळग्यात ढकलायचा). एवढं भरपूर झालं. १४ ही कमाल मर्यादा आहे, तेवढे असायलाच हवेत असं नाही. आणि ती मर्यादा मोजायची सवय मात्र आत्ताच लावा. २००१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत, रॉयल लिथमला, शेवटच्या दिवशी प्रो खेळाडू इयन वूस्नम पहिला होल २ फटक्यांत संपवून दुसऱ्या टीवर आला, तेव्हा कॅडीला (बॅग उचलणाऱ्या सोबत्याला) बॅगेत दोन ड्रायव्हर दिसले. एकूण १५ क्लब. दोन स्ट्रोकांची (फटक्यांची) पेनल्टी लागली आणि २ चे ४ झाले. माझी मुलगी आजही पहिल्या टीवर जायच्या आधी क्लब मोजते.

नियम बदलण्याची भीती खरी कुठे असते, ते ग्वान तियानलांगकडे पाहून कळतं. हा चिनी मुलगा २०१३ च्या मास्टर्समध्ये १४ व्या वर्षी खेळला, दुसऱ्या दिवशी १७ व्या होलवर संथ खेळासाठी एक स्ट्रोक गमावला, तरी कट पार केला, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांसाठी टिकला. कट पार करणारा तो एकटाच अमॅच्युअर (हौशी खेळाडू). तेव्हा तो पोटाला टेकवायचा लांब पटर वापरायचा. २०१६ पासून पटर अंगाला टेकवून मारायला बंदी आली. मापात बसणारा साधा पटर हातांनी चालवायला शिकलेल्या मुलाला त्या बंदीने काहीच झालं नाही. तंत्रच एखाद्या खास वस्तूवर बेतलेल्यांना मात्र नव्याने शिकावं लागलं. त्यामुळे ‘याने पटिंग आपोआप सुधारतं’ असं कुणी विकायला आलं तर नको म्हणा.

ड्रायव्हर जुना घेणार असाल तर त्याचं मॉडेल मान्यताप्राप्त ड्रायव्हरहेडच्या यादीत आहे का ते संस्थांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. अंतर मोजायची दुर्बीण इतक्यात नको. घेतलीच तर स्पर्धेत चढउताराचा हिशोब देणारी सोय बंद ठेवावी लागते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. मुलीला नियम तिचे तिला वाचू द्या. एका स्पर्धेत माझी मुलगी दोराबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बाबा, सात नंबरचा क्लब पुरेल का?’’ मी उत्तरही दिलं नव्हतं. तरी दोन स्ट्रोक गेले, कारण कॅडीखेरीज कुणाला सल्ला विचारणं हाच नियमभंग आहे. ‘झेंडा किती यार्डांवर आहे?’ असं विचारलं असतं तर चाललं असतं, अंतर म्हणजे सल्ला नव्हे. हा फरक तिला माहीत नव्हता, कारण तिच्या वतीने सगळं मीच वाचत होतो. गाडीत ती रडली नाही, घरी येऊन नियमांचं पुस्तक मागितलं.

लांब मारण्याचं वेड या वयात लावू नका. अदिती अशोक २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ब्राँझपासून फक्त एका स्ट्रोकने दूर. लांबीत ती बहुतेकींच्या मागे होती, तिला तारलं ते पटिंगने. बॅग तिच्या आईने उचलली होती. माझ्या मुलीला मी ते सामने पहाटे उठवून दाखवले, आणि त्यानंतर रेंजपेक्षा (लांब फटक्यांच्या सरावाच्या जागेपेक्षा) पटिंग ग्रीनवर तिचा जास्त वेळ जायला लागला.

सेट घ्यायला जाताना मुलीला बरोबर न्या. सगळ्यात लांब क्लब तिच्या हातात देऊन सलग दहा स्विंग करायला सांगा, बॉल न ठेवता. सहाव्या-सातव्या स्विंगला ती मागे झुकायला लागली किंवा ग्रिपवरचा हात सरकला, तर तो क्लब तिला जड आहे. किंमत कितीही उतरवून देत असले तरी तो परत ठेवा.