‘कोपार्सनर’ बहिणी आणि ‘डाउअर’ची गफलत

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडवरच्या मजकुराचा अनुवाद करतोय. ‘कोपार्सनर’ला सहदायाद आणि ‘डाउअर’ला हुंडा लिहिलं तर चालेल ना?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : हुंडा तर मुळीच नको. हुंडा मुलीकडून येतो; डाउअर म्हणजे नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा हिस्सा, साधारण एक तृतीयांश आणि तोही हयातीपुरता. ‘विधवेचा तहहयात हिस्सा’ असं सरळ लिहा.

‘सहदायाद’, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटेकरी, जास्त फसवा. आपल्या मिताक्षरा पद्धतीत (एकत्र हिंदू कुटुंबाच्या वारसा-नियमांत) हा हक्क जन्माने मिळतो, आणि मुलींना तो सरसकट मिळाला 2005 साली. मध्ययुगीन इंग्लंडात उलट: तिथे कोपार्सनर, म्हणजे एकाच जमिनीचे एकत्र वारस, बहुतेक वेळा मुलीच! मुलगा असला की जमीन थोरल्याला. नसला तर सगळ्या मुलींना सारखी.

समजा 900 एकर, मागे विधवा आणि तीन मुली. आधी आईचे 300 बाजूला, मग प्रत्येकीला 200. आई गेल्यावर आणखी 100. आता एक बहीण मुलगे मागे ठेवून वारली, तर तिचा वाटा उरलेल्या दोघींकडे जात नाही. तो तिच्या थोरल्या मुलाला, अख्खा. अनुवादक नेमके इथे घसरतात. म्हणून कोपार्सनरला ‘समवाटेकरी बहिणी’ हा शब्द बरा.

आणि बाप जिवंत असताना मुलाला नुसतं ‘वारस’ म्हणू नका, ‘भावी वारस’ म्हणा. जिवंत माणसाला वारस नसतो, असं तिथला कायदा मानत असे. जमीन थोरल्याला जाण्याच्या नियमात केंट परगण्याचं मात्र वेगळं: ‘गॅव्हलकाइंड’ प्रथेने सगळ्या मुलग्यांत समान वाटणी.