पालिकेची नोटीस, बिल्डरचा फ्लॅट आणि मुंडकाराचे घर

प्रश्न : आम्ही उत्तर गोव्यातील एका नगरपालिका क्षेत्रात राहतो. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत आजोबांनी 1960च्या दशकात बांधलेले आमचे माती-चिऱ्यांचे कौलारू घर आहे. भाडे आम्ही कधीच दिले नाही. आजोबा भाटकाराच्या बागायतीत काम करायचे. घरपट्टी आमच्या नावाने भरतो. गेल्या वर्षी भाटकाराच्या वारसांनी सगळी जमीन एका बिल्डरला विकली. आता पालिकेची नोटीस आली आहे की घर धोकादायक आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा किंवा रिकामे करा. नगरसेवक म्हणतात, ‘शहराच्या पुनर्विकासात ही जागा येते, घर जाणारच. बिल्डर फ्लॅट देतोय, घ्या.’ बिल्डरने स्टॅम्प पेपरवर महिना शंभर रुपयांचा भाडेकरार आणला आहे, ‘फक्त कागदोपत्री’ म्हणून. थोरला भाऊ सही करायला तयार आहे. आई ऐंशीच्या घरात आहे. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी त्या भाडेकरारावर कोणीही सही करू नका. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट मला पालिकेची नोटीस वाटत नाही, हा शंभर रुपयांचा कागद वाटतो.

तुम्ही सांगता त्यावरून तुमचे कुटुंब मुंडकार दिसते. गोवा, दमण आणि दीव मुंडकार (निष्कासनापासून संरक्षण) कायदा 1975चा आहे आणि तो 12 मार्च 1976 रोजी अमलात आला. त्या तारखेआधी किमान एक वर्ष जो भाटकाराच्या संमतीने कायम वस्ती करून घरात राहत होता, तो मुंडकार. संमती लेखीच हवी असे नाही. त्या एका वर्षात भाटकाराने तुम्हाला घुसखोर म्हणून काढण्याची कारवाई केली नसेल, किंवा करून त्यात त्याला यश आले नसेल, तर संमती होती असेच कायदा धरतो. मात्र त्याच व्याख्येत काही माणसे वगळली आहेत. भाटकाराच्या आवारातील घरात राखणदार म्हणून राहणारे, पगारी घरगडी, आणि घरासाठी भाडे देणारे हे मुंडकार ठरत नाहीत. आता तो करार पुन्हा वाचा. तुमच्या भावाच्या सहीने ‘आम्ही भाडे देतो’ हे लेखी कबूल होईल, आणि उद्या मुंडकारांचे अर्ज ऐकणाऱ्या मामलेदारासमोर बिल्डरचा वकील पहिला कागद तोच ठेवील. तीन पिढ्यांची वस्ती शंभर रुपयांच्या पावतीने वादात पडेल.

जमीन विकली गेली म्हणून हक्क गेला, असेही समजू नका. खरेदीखताने बिल्डरला जमीन मिळाली ती तुमच्या हक्काच्या ओझ्यासह. भाटकाराच्या जागी आता तो उभा आहे, एवढाच फरक.

आता पालिका. गोवा नगरपालिका कायदा 1968चा. त्याखाली पालिका बांधकाम परवाना देते, विनापरवाना बांधकामावर कारवाई करते, रस्ते, गटारे, बाजार सांभाळते आणि पडायला आलेल्या इमारतीबाबत नोटीस काढते. 74व्या घटनादुरुस्तीने 1993पासून नगरनियोजन आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषयही पालिकांच्या यादीत आले खरे. पण गोव्यात जमिनीचा झोन ठरवणे, ओडीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा तयार करणे हे काम 1974च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली टीसीपी म्हणजे नगर नियोजन खाते आणि पीडीए म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणेच करतात. ही रचना बरोबर आहे असे मला वाटत नाही. आपल्या शहराचे काय व्हावे हे शहराने निवडून दिलेल्या मंडळाने ठरवायला हवे. तूर्त मात्र नगरसेवकाच्या तोंडचा ‘पुनर्विकास’ कुठल्या कागदावर आहे, हे तुम्हाला विचारावेच लागेल. पालिकेचा ठराव आहे का? ओडीपीत तिथे रस्ता किंवा सार्वजनिक आरक्षण दाखवले आहे का? की हा निव्वळ बिल्डरचा खाजगी प्रकल्प आहे आणि पालिकेकडे परवान्याचा अर्ज तेवढा आला आहे? माहिती हक्काच्या अर्जाने मुख्याधिकाऱ्यांकडे ठरावाची प्रत, परवान्याची फाइल आणि घराच्या पाहणीचा अहवाल मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

खरोखर सार्वजनिक कामासाठी जमीन हवी असेल, तर 2013च्या भूसंपादन कायद्याने जावे लागेल. त्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. शहरी भागात तीन वर्षे किंवा अधिक काळ त्या जागेवर राहणारे कुटुंबही त्यात येते, आणि घर गेल्यास किमान 50 चौरस मीटर जोत्याचे बांधलेले घर देण्याची तरतूद आहे. म्हणजे खऱ्या सरकारी प्रकल्पातसुद्धा तुम्ही रिकाम्या हाताने रस्त्यावर येत नाही. संपादनाची अधिसूचनाच निघाली नसेल, तर ‘घर जाणारच’ या बोलण्याला कायद्याचा आधार नाही.

नोटिशीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. कौलारू घराची भिंत पावसात भिजून बसली की विचार करायलाही वेळ मिळत नाही, आणि घरात ऐंशीची आई आहे. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लगेच पाहणी करून घ्या. दुरुस्तीने घर टिकत असेल तर तो अहवाल जोडून मुदतीच्या आत मुख्याधिकाऱ्यांना लेखी उत्तर द्या आणि दुरुस्तीची परवानगी मागा. मुंडकाराला आपले घर दुरुस्त करून सांभाळण्याचा हक्क आहे. जोते वाढवू नका म्हणजे झाले. अहवाल वाईट आला तर आईला आधी सुरक्षित जागी हलवा. फक्त जाताना घराचे तारखेसह फोटो काढा, थोडे सामान आत ठेवा, कुलूप तुमचेच असू द्या, आणि पालिका, बिल्डर व मामलेदार या तिघांना पत्र द्या की जिवाच्या धोक्यामुळे तात्पुरते बाहेर पडत आहोत, हक्क सोडलेला नाही. किल्ली कोणाच्याही हातात देऊ नका. भाडेकरूंच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात सांगितले आहे की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. ते प्रकरण मुंडकाराचे नव्हते, तरी धोकादायक इमारतीची नोटीस हक्काचा निवाडा करत नाही, हे त्यातून घेण्यासारखे आहे. पालिका इमारत किती पक्की आहे ते बघते. घर कोणाचे, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही.

तो अधिकार मामलेदाराचा. तुमचे नाव मुंडकार नोंदवहीत आहे का ते तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात पाहा. नसेल तर कलम 8-अ खाली मुंडकार घोषित करण्याचा अर्ज याच आठवड्यात दाखल करा, बिल्डरला प्रतिवादी करा आणि सोबत अंतरिम दिलासाही मागा. घरपट्टीच्या पावत्यांनी मालकी सिद्ध होत नाही, पण वस्ती सिद्ध व्हायला त्या फार उपयोगी पडतात. त्यांच्याबरोबर सत्तरच्या दशकातील मतदार याद्या, रेशन कार्ड, वडिलांचा शाळेचा दाखला, भावंडांच्या जन्मनोंदी, विजेची जुनी बिले असे जे हाती लागेल ते जमवा. सिटी सर्व्हेचा उतारा चलता नंबर (सर्व्हेतला जागेचा क्रमांक) आणि पी.टी. शीट (नकाशाचे पान) नंबरसह काढा. नकाशावर तुमचे घर दाखवलेले असेल तर ते मोठे बळ आहे. वाड्यावरचे कोणी वयस्क शेजारी 1975च्या आधीची वस्ती सांगू शकत असतील, तर त्यांची प्रतिज्ञापत्रे आताच घ्या. पुढे ढकलू नका.

घोषणा झाली की घर आणि त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क मिळतो. नगरपालिका क्षेत्रात ही जागा घरासकट जास्तीत जास्त 200 चौरस मीटर, पंचायत क्षेत्रात 300. किंमत मामलेदार ठरवतो.

दरम्यान पालिका आणि पीडीए दोन्हीकडे हरकत नोंदवा की या चलता नंबरमध्ये मुंडकाराचे घर आहे, अर्ज प्रलंबित आहे, आम्हाला ऐकल्याशिवाय परवाना देऊ नये. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. परवाना देताना जागेवरचे अस्तित्वातील घर नकाशात दाखवले आहे का, हे बघणे पालिकेचे काम आहे, आणि ते तिने करावे म्हणूनच हा कागद तिच्या फाइलमध्ये हवा.

राहिला भाऊ. तो लोभी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. गळके छप्पर, म्हातारी आई आणि समोर पक्क्या फ्लॅटचे आश्वासन असेल तर कोणीही डळमळेल. फ्लॅट घेण्यात गैर काही नाही. पण राहू दिलेला माणूस म्हणून मिळणारा फ्लॅट आणि 200 चौरस मीटरचा हक्कदार म्हणून मागितलेला फ्लॅट, यांत फार अंतर आहे. आधी घोषणा मिळवा, मग बोलणीला बसा. करार उपनिबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. त्यात फ्लॅटचा कार्पेट एरिया, मजला, ताबा देण्याची तारीख, तोवरचे घरभाडे आणि उशीर झाल्यास भरपाई स्पष्ट लिहिलेली असावी. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील, तर प्रकल्पाची गोवा रेरामध्ये (बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणात) नोंदणी लागते. ती आहे का ते तपासा. आणि भाऊ एकटा हे ठरवू शकत नाही. आजोबा, वडील यांच्यामागून हक्क सगळ्या वारसांकडे येतो, त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीही आल्या. गोव्याच्या समान नागरी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात पती-पत्नी दोघांची संमती लागते, म्हणून वहिनींची सहीही लागेल. आईची तर लागेलच. हे भावाला घरी शांतपणे बसून सांगा, आणि शक्य असेल तर मामलेदाराकडच्या अर्जावर त्याचेच नाव आईच्या नावाखाली पहिले घाला.