रिपोर्ट नॉर्मल, मग दुकान का सांभाळता येत नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, आमचं मेडिकल स्टोअर आहे. गेल्या वर्षी गाडीवरून पडून डोक्याला पुढच्या बाजूला मार लागला. आता चालणं-बोलणं सगळं व्यवस्थित आहे, पण होलसेलरला अर्धीच ऑर्डर सांगून फोन ठेवतात, एक्सपायरीचा माल परत द्यायची मुदत निघून जाते, बँकेत म्हणून निघतात आणि भलतीकडेच जाऊन बसतात. न्यूरोसायकॉलॉजीच्या टेस्ट केल्या तर रिपोर्टमध्ये 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स (म्हणजे काम ठरवून, क्रमाने पार पाडायची क्षमता) नॉर्मल' असं आलंय. आता दीर म्हणतात, मग हा नुसता आळस आहे. टेस्ट चुकू शकते का हो मॅडम?
एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी हे सांगते की त्या रिपोर्टवरून तुमच्या मिस्टरांना आळशी ठरवायचा हक्क कोणालाच नाही, तसा अर्थ त्यातून निघतच नाही. टेस्ट चुकली असंही मी म्हणणार नाही, पण ती कशासाठी पारखलेली असते आणि आपण तिला काय विचारतोय यात फार अंतर पडतंय.

विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्टचंच बघा, ही या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध टेस्ट. समोर चार पत्ते मांडलेले असतात, हातातले पत्ते, पूर्ण टेस्ट केली तर १२८, एकेक करून त्यांच्याशी जुळवायचे. पत्त्यांवर रंग, आकार आणि संख्या वेगवेगळ्या, जुळवायचं कशावरून ते कोणी सांगत नाही, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच ऐकू येतं. सलग १० बरोबर आले की परीक्षक न सांगता नियम बदलतो, रंगावर छान चाललेलं असतं ते एकदम चूक यायला लागतं, आणि मग बघायचं की माणूस जुना नियम सोडतो की तोच धरून बसतो. १९६३ साली माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी एपिलेप्सीसाठी मेंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटवर ही टेस्ट वापरली आणि दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाचा वरचा, बाहेरच्या अंगाचा हिस्सा काढलेले लोक जुना नियम जास्त धरून बसतात. या टेस्टचा दबदबा झाला तो या पुराव्यामुळे. पुढे असंही दिसलं की मेंदूत दुसरीकडे इजा झालेले लोकही यात अडखळतात, आणि पुढच्या भागाला इजा झालेले काही जण आरामात पार पडतात.

तुमच्या घरासारखीच एक केस १९८५ साली एस्लिंगर आणि दामासिओ यांनी छापली, पेशंटचं नाव न देता 'ईव्हीआर' एवढंच म्हटलं. हा माणूस अकाउंटंट होता, वयाच्या ३५ व्या वर्षी मेंदूच्या डोळ्यांवरच्या भागातल्या ट्यूमरचं ऑपरेशन झालं. बुद्धिमत्ता चांगली वरच्या पातळीची, पत्त्यांची टेस्टही व्यवस्थित, आणि आयुष्य मात्र कोलमडलं, धंदा बुडाला, संसार मोडला, सकाळी कामावर जायला तयार होण्यातच दोन-दोन तास जायचे. त्याला आळशी म्हणणं जितकं चुकीचं तितकंच तुमच्या मिस्टरांना म्हणणं.

असं का होतं? टेस्टच्या खोलीत शांतता असते, काय करायचं ते परीक्षक ठरवून देतो, सुरू कधी करायचं तेही तोच सांगतो आणि एका वेळी एकच काम असतं. दुकानात नेमकं हेच सगळं आपल्याला स्वतः करावं लागतं, गिऱ्हाईक उभं, फोन वाजतोय, मधेच कोणी सुट्टे मागतंय, आणि त्यातून ऑर्डरचं डोक्यात ठेवायचं. शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ मध्ये डोक्याला मार लागलेल्या तीन पेशंटना थेट लंडनच्या बाजाररस्त्यावर नेलं आणि साधी कामं दिली, ब्राऊन ब्रेड आणा, टोमॅटोचा भाव काढा, अमुक वेळेला अमुक ठिकाणी हजर राहा. नेहमीच्या बऱ्याच टेस्ट ठीक देणारे हे लोक इथे गोंधळले. शिवाय २०१३ मध्ये टोपलाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी बरेच अभ्यास एकत्र करून टेस्टचे मार्क आणि रोजच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नावल्या किती जुळतात ते तपासलं, तर मधला कोरिलेशन, म्हणजे दोन्ही किती जुळतात ते सांगणारा आकडा (१ म्हणजे पूर्ण जुळणं), निघाला ०.१९, म्हणजे दोन्हींत सामाईक असं जेमतेम ४ टक्के. मला तर वाटतं हा आकडा प्रत्येक रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या टेबलावर असावा.

तेव्हा तुम्ही एक करा, पुढचे काही आठवडे वहीत तारखेसह लिहून ठेवा की काय काम होतं, कुठे सुटलं, आठवण केल्यावर जमलं का. ती वही घेऊन त्याच सायकॉलॉजिस्टकडे जा, घरच्यांनी भरायची प्रश्नावली मागा, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टनी दुकानात बसून बघावं असं सुचवा. आणि दिरांना हे उत्तर जरूर वाचायला द्या.

प्रश्न : मी एमए क्लिनिकल सायकॉलॉजी करतेय. डेझर्टेशनसाठी ट्रेल मेकिंग टेस्ट (आकडे आणि अक्षरांची वर्तुळं क्रमाने जोडायची) मराठीत आणायची आहे, एबीसीच्या जागी कखग. क्रॉनबाख अल्फा ०.८ च्या वर आला की टेस्ट व्हॅलिड म्हणता येईल ना?
विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही म्हणता येणार. अल्फा सांगतो की टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती मेळ खातात, ते काय मोजतात हे तो सांगत नाही. आणि ट्रेल मेकिंगमध्ये तर सुटे प्रश्नच नाहीत, एक वर्तुळांचा कागद आणि किती सेकंद लागले एवढंच, मग अल्फा काढणार कशाचा?

खरी अडचण कखगचीच आहे. बी भागात २५ वर्तुळं, १ ते १३ आकडे आणि ए ते एल अक्षरं, १-ए-२-बी असं आलटून-पालटून जायचं. मराठीत १२ अक्षरं घेतली की क पासून ठ पर्यंत जावं लागतं आणि त्यात ङ आणि ञ दोन्ही येतात. आता किराणा दुकान चालवणाऱ्या ५५ वर्षांच्या माणसाला विचारून बघा घ नंतर काय, बरेच जण थेट च वर उडी मारतात. तिथे जो वेळ जातो तो शाळा आठवण्यात जातो आणि तुम्ही लिहिणार की याची शिफ्टिंगची, म्हणजे एका नियमावरून दुसऱ्यावर जायची, क्षमता कमी. हे अन्यायाचं आहे, कारण समोरच्याच्या फाइलमध्ये ते कायमचं चिकटतं.

याच कारणासाठी कलर ट्रेल्स टेस्ट निघाली, तिथे अक्षरं नाहीत, गुलाबी आणि पिवळ्या वर्तुळांत आकडे असतात आणि रंग आलटून-पालटून घ्यायचे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या २००४ सालच्या बॅटरीत, म्हणजे टेस्टच्या संचात, ती आहे आणि नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे निरोगी लोकांचे मार्क, वय, लिंग आणि शिक्षणाप्रमाणे वेगळे दिलेत. माझं ऐकाल तर तिच्यापासून सुरुवात करा, परवानगीचं मात्र आधी बघा.

पुरावा गोळा करताना मला तरी एवढं हवं : शिफ्टिंगच्या दुसऱ्या टेस्टशी तुमची टेस्ट जुळते का, नुसत्या हाताच्या वेगाशी त्याहून कमी जुळते का, म्हणून ए भागाचा, म्हणजे नुसते आकडे जोडायचा, वेळ हिशोबात धरायचाच, आणि सारखं वय, सारखं शिक्षण असलेल्या निरोगी लोकांपेक्षा पेशंट खरंच वेगळे पडतात का. मियाके आणि सहकाऱ्यांचा २००० चा पेपर वाचलाच असेल, शिफ्टिंग, अपडेटिंग (डोक्यातली माहिती ताजी ठेवणं), इन्हिबिशन (सवयीचा प्रतिसाद रोखणं) हे तिन्ही एकमेकांशी जोडलेले पण तरी वेगळे, सगळे आपल्याकडे तोच उद्धृत करतात, पण ते १३७ जण कॉलेजचे विद्यार्थी होते हे विसरू नका. तुमचं सॅम्पल फक्त हॉस्टेलमधल्या मैत्रिणींचं असेल तर निष्कर्षही तेवढाच लिहा.

प्रश्न : सहा महिन्यांनी त्याच टेस्ट परत केल्या तर सुधारणा कळेल का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : काही टेस्टमध्ये कळेल, पत्त्यांच्या टेस्टमध्ये जपून. नियम मधेच बदलतो हे एकदा कळलं की तो अनुभव डोक्यात राहतो, दुसऱ्यांदा मार्क वाढले तर ते बरं वाटल्यामुळे की आठवल्यामुळे हे सांगणं अवघड. जिथे त्याच टेस्टचा वेगळ्या प्रश्नांचा दुसरा संच मिळतो तिथे तो मागा, आणि मागच्या वेळी कोणत्या टेस्ट झाल्या त्याची यादी नवीन सायकॉलॉजिस्टला आधीच दाखवा.