केक 'शिजवायचा' की 'भाजायचा'?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे: "जुन्या पद्धतीचा, दालचिनी-जायफळ घातलेला क्रम्ब कॉफी केक मी घरी करते. त्याची कृती मराठीत लिहून काढते आहे. 'ओव्हनमध्ये केक शिजवा' लिहू की 'भाजा'? क्रम्बला काय म्हणू? आणि बेक हा शब्द आपल्या 'पक्व'वरून तिकडे गेला, हे खरं का?"

भाजा. निःशंक भाजा. "आता आपला केक छान शिजवून घेऊया" हे वाक्य हल्ली प्रत्येक पाककृतीच्या व्हिडिओत कानावर येतं आणि दर वेळी माझा संताप होतो. भाजणं, शेकणं, परतणं, तळणं, उकडणं, वाफवणं, शिजवणं अशी सात कामांना सात क्रियापदं आपल्या आजीच्या तोंडी होती. ती सगळी एकाच पातेल्यात का ओतायची? डाळ शिजते, भात शिजतो, तिथे पाणी असतं. भाकरी भाजतात, पापड भाजतात, भरताचं वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, विटा आणि मडकीसुद्धा भाजतात. तिथे कोरडी आच असते. केकला कोरडीच आच लागते, म्हणून तर वरचा पापुद्रा खरपूस होतो. उघड्या पातेल्यातल्या पाण्यात १०० अंशांच्या पुढे काही जात नाही, आणि खरपूसपणाला त्याहून बरीच जास्त आच लागते.

कॉफी केकमध्ये कॉफी नसते, हेही जाता जाता सांगून टाकते, कारण "कॉफी किती चमचे?" हा प्रश्न हमखास येतो. तो कॉफीबरोबर खायचा केक. चहाच्या बिस्किटांत आपण चहा शोधत नाही.

आता 'पक्व'. फोनवर फिरणारा तो मजकूर मलाही आला आहे: पक्वचं पक, पकचं बक, बकचं बेक. एका भाषाप्रेमी गृहस्थांनी तर तो भाषणात सांगितला आणि टाळ्या घेतल्या. मला हे अजिबात मान्य नाही. ध्वनी असे कोणाच्या लहरीने बदलत नाहीत. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये जो नियम मांडला, तो इथे सरळ लागू होतो. संस्कृतात शब्दाच्या आरंभी जिथे प, तिथे इंग्रजीत फ: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पञ्च आणि फाइव्ह. म्हणजे 'पच्'चा इंग्रजी भाऊ असता तर तो फ घेऊन आला असता. इंग्रजीतल्या ब समोर संस्कृतात भ उभा असतो: भ्रातृ आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ. त्यामुळे बेकचा पक्वशी काही संबंध नाही. भ जुळतो म्हणून 'भाजणे' आणि 'बेक' हीसुद्धा भावंडं ठरवू नका. भाजणेच्या मुळाशी र आहे, बेकमध्ये तो कधीच नव्हता.

पण 'पक्व'चा खरा नातेवाईक इंग्रजीत आहे आणि तो रोज आपल्या चहात बुडतो, हे त्या गृहस्थांना सुचू नये? 'पच्' धातूचं लॅटिन रूप 'कोक्वेरे'. प चा क कसा झाला म्हणाल, तर पञ्चचं लॅटिन रूप बघा, 'क्विंक्वे'. शब्दात पुढे येणाऱ्या क ने आरंभीचा प स्वतःसारखा करून घेतला. एकाच वळणाचे हे दोन शब्द. या कोक्वेरेच्या घरातून इंग्रजीत 'कुक' आला. आणि 'बिस्किट' म्हणजे लॅटिन 'बिस कोक्टुस', दोनदा भाजलेलं. 'बिस' म्हणजे आपलं 'द्विः'. अक्षराला अक्षर लावून बिस्किटाचं संस्कृत करायचं तर 'द्विःपक्व' होईल! जहाजावर महिनोन्‌महिने टिकावी म्हणून रोटी दुसऱ्यांदा भट्टीत सारून कडक करायचे, तिचं हे नाव. हा शब्द मला पहिल्यांदा उलगडला त्या संध्याकाळी मी बशीतलं बिस्किट कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

बिस्किटांवरून भुसावळचे माझे लहानपणीचे दिवस आठवले आणि ते या प्रश्नात पुरावा म्हणून उपयोगी आहेत. दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा मोजून डब्यात भरायची आणि आम्ही भावंडं तो डबा घेऊन बेकरीत जायचो. तिथे बायकांची रांग. प्रत्येकीचे पत्र्याचे ट्रे वेगळे, ते बदलू नयेत म्हणून कोणी एका नानकटाईवर बदाम खोचून ठेवी, कोणी बोटाचा खळगा करी. भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सारायचा. दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारायचीच, "भाऊ, आमची भाजून झाली का?" शिजली का, असं मी एकदाही ऐकलं नाही. त्या बायकांपैकी कितीजणींनी शाळा पाहिली होती कोण जाणे, पण क्रियापद एकीचंही चुकलं नाही.

आणि भट्टीसमोरच्या त्या एका प्रश्नात केवढी जुनी जोडी होती बघा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भ्रस्ज पाके' असा धातू आहे, त्याचं रूप भृज्जति. त्यावरून प्राकृतात भज्जइ आणि मराठीत भाजणे. आमच्या खान्देशात आणि पलीकडे वऱ्हाडात जुनी माणसं शेंगा 'भुंजतात', तेही याच घरातलं. त्याच धातूपासून भाजायच्या भांड्याला संस्कृतात 'भ्राष्ट्र' म्हणत. भ्राष्ट्रचं प्राकृतात भट्ठ झालं आणि त्यातून आपली भट्टी आली. म्हणजे भट्टी आणि भाजणे या सख्ख्या बहिणी. ओव्हनला भट्टी म्हणायला काही मंडळी लाजतात, भट्टी म्हटलं की त्यांना हातभट्टीच आठवते. काही जण त्याहून पुढे जाऊन 'भर्जनपेटी' वगैरे घडवतात. भट्टी हा शब्द हाताशी असताना ही पेटी कशाला हवी?

इथे खान्देशी वाचक लगेच म्हणतील, मग आपली वरण-बट्टीतली बट्टीसुद्धा भट्टीवरूनच! हे इतक्या जणांनी मला ऐकवलं आहे की आता उत्तर देतेच. नाही. आपल्या बोलण्यात शब्दाच्या आरंभीचा भ सहसा दम सोडत नाही. भाकर भाकरच राहते, भरीत भरीतच राहतं, खुद्द भट्टीही आपण भट्टीच म्हणतो. मग एकट्या बट्टीनेच भ मधला ह का टाकावा? माझ्या मते बट्टीचं नाव आचेवरून पडलेलं नाही, आकारावरून पडलं आहे. वृत्त म्हणजे गोल, त्याचं प्राकृतात वट्ट, त्यावरून आपला वाटोळा. उत्तरेत व चा ब होतो. मराठीत तो व च राहतो. बट्टी अस्सल इथली असती तर 'वाटी'सारखं काहीतरी झालं असतं. तो ब च सांगतो की हा शब्द सातपुडा ओलांडून आला. पलीकडे निमाडात, माळव्यात बाटी आहेच, राजस्थानातही आहे. आपण तिच्या पिठात जाडसर दळलेला मका मिसळला, गोवऱ्यांवर भाजण्याऐवजी घरोघरी ती उकडून, कापून तळायला लागलो, वर वांग्याची घोटलेली भाजी वाढली, पण नावातला ब तसाच राहिला. हे माझं मत आहे आणि कोणी सबळ पुरावा दिल्याशिवाय मी ते सोडणार नाही.

'शिजणे'वर मात्र अन्याय नको. ते आलं आहे 'सिध्यति'वरून, प्राकृतात सिज्झइ. शिजणं म्हणजे सिद्ध होणं. मूळ अर्थाने पाहिलं तर तयार झालेला कोणताही पदार्थ 'शिजला' म्हणता येईल, आणि केकचा गाभा भट्टीतही १०० अंशांच्या आतच राहतो. तेव्हा सुरी खुपसून "आतून शिजला का?" असं कोणी विचारलं तर मी टोकणार नाही. पण कृतीत क्रिया सांगायची असते. तिथे भाजणंच हवं.

अरे हो, क्रम्ब. चुरा म्हणा. भुगा नको, भुगा कोरडा आणि बारीक, करवतीखाली पडतो तसा. चुऱ्यात तुकडे जाणवतात, पापडाचा चुरा आठवा. आणि तो केकवर घालायच्या क्रियेला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, भुरभुरणे. केकवरच्या अशा चुऱ्याला जर्मन लोक 'श्ट्रॉयझेल' म्हणतात, त्याच्या मुळाशीही भुरभुरणंच आहे.

तर तुमची कृती अशी लिहा: "दोन कप मैदा, एक कप ब्राउन शुगर आणि अर्धा कप गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून चुरा करा. त्यातला पाऊण कप बाजूला ठेवा. उरलेल्या चुऱ्यात एक चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा दालचिनीपूड, पाव-पाव चमचा जायफळ आणि लवंगपूड मिसळा. एक अंडं आणि कपभर आंबट ताक घालून नुसतं एकजीव होईपर्यंत हलवा, ताकाने सोडा लगेच फुलतो, म्हणून रेंगाळू नका. भांड्यात ओता, बाजूला ठेवलेला चुरा वर भुरभुरा आणि भट्टी १८० अंशांवर तापली की ३५ ते ४० मिनिटं भाजा."