सहीआधी डोळे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. संध्याकाळी दुकानात हवालदार आला, "दोन मिनिटांचे काम आहे" म्हणाला, म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीतील एका भाड्याच्या खोलीपाशी तुला घेऊन गेला आणि खोलीत पाऊलही न टाकता तू जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या पंचनाम्याच्या तिन्ही पानांवर सही करून मोकळा झालास. यादीत चोरीचे अकरा मोबाईल होते. आता कोर्टाचे समन्स आले आहे आणि तू विचारतोस, "वकीलबाब, माल तर खरोखरच सापडला असेल; मग मी आत होतो की बाहेर, याने काय फरक पडतो?"

पडतो. आणि त्या खोलीत राहणाऱ्याविषयीचे तुझ्या पत्रातील पुढचे वाक्य, "तो माणूस तसाही भायलोच (म्हणजे बाहेरचाच) आहे", वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि अर्धा तास अंगणात फेऱ्या मारल्या. ते वाक्य तू लिहिलेच नाहीस असे समजून पुढे लिहितो.

झडतीच्या साऱ्या कायद्यात मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली आहे: सही करणाऱ्याने आधी पाहिलेले असले पाहिजे. दंडाधिकारी झडतीचे वॉरंट देतो तेव्हा समोरची कारणे त्याने स्वतः तपासून मग लेखणी उचलायची असते. फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ चा अर्थ याहून वेगळा नाही. वॉरंट आणायला वेळच नसेल तर कलम १८५ खाली पोलिस अधिकारी वॉरंटाशिवाय आत जाऊ शकतो, पण आत जाण्यापूर्वी, आपल्याला असे का वाटते आणि नेमकी कोणती वस्तू शोधायची आहे, हे त्याने केस डायरीत लिहायचे असते आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. राहता राहिला पंच. कलम १०३ म्हणते की झडती त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष व्हावी, कोणती वस्तू कोठे सापडली याची यादी व्हावी, तिच्यावर त्यांनी सही करावी आणि घरात राहणाऱ्यालाही झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे, यादीची प्रत द्यावी. "समक्ष" हा शब्द कायद्याने उगाच घातलेला नाही. अक्ष म्हणजे डोळा. तुझे डोळे त्या वेळी जीपच्या बॉनेटवर होते.

तू म्हणशील, एवढे महत्त्वाचे असते तर राज्यघटनेतच लिहिले असते. लिहिले गेले नाही, हेच दुखणे आहे. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क व्हावा म्हणून दुरुस्ती मांडली होती, डॉ. आंबेडकरांनी तिला अनुकूलता दाखवली, तरी ती मंजूर झाली नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी याच उणिवेवर बोट ठेवले: अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखे कलम आपल्याकडे नाही, मग ते ओढूनताणून आणायचे कशाला? पुढे १९६२ मध्ये रात्री-अपरात्री संशयिताच्या घरी जाऊन दार ठोठावण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम रद्द झाला खरा (माझे वडील पोर्तुगीज अमदानीतील अशा रात्रींविषयी बोलत, आणि बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई), पण खासगीपणाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य व्हायला २०१७ साल उजाडले. त्या वर्षी नऊ न्यायमूर्तींनी तो राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, जीविताच्या हक्कात, आहे असे एकमताने सांगितले आणि १९५४ चा निर्णय तेवढ्यापुरता मोडीत काढला.

तरीही एक गोष्ट जागची हलली नाही, आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. अमेरिकेत १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा बाहेर फेकला जातो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालापासून माल खटल्याशी संबंधित असेल तर केवळ झडती चुकली म्हणून तो नाकारला जात नाही. म्हणजे पोलिसाने चूक केली तरी माल कोर्टात येतोच. मग तो त्या खोलीतच सापडला की बाहेरून आणून यादीत बसवला, हे सांगणारे कोण उरते? तू आणि दुसरा पंच. आता झडतीचे, यादीचे आणि सह्यांचेही चित्रीकरण करायचे कलम १०५ संहितेत आले आहे; ते मला आवडते, पण कॅमेरा धरणाऱ्याने कोणीकडे धरला हे विचारायलाही शेवटी माणूसच लागतो.

आता माझे ऐक. १९७७ साली मी २२ वर्षांचा होतो, पणजीत कायदा शिकत होतो. गावच्या देवळातील चांदीची प्रभावळ चोरीला गेली होती. लिहितावाचता मुलगा म्हणून पोलिसांनी मला पंच घेतले. एका घराच्या सोप्यावर मला बसवून त्या घरच्या बाईने पितळी पेल्यात चहा दिला, कारण घरी आलेल्याला चहा द्यायचा असतो, मग तो कशासाठीही आलेला असो. आत भांडी आपटल्याचे आवाज येत होते. मी चहा पिऊन होईपर्यंत कार्बन घातलेली यादी बाहेर आली आणि मी सही केली. पुढे कोर्टात "सर्व माझ्या समक्ष झाले" असे शपथेवर सांगितले. तिच्या नवऱ्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. प्रभावळीचा तुकडा खरोखरच तिच्या तांदळाच्या डब्यात होता का, हे मला आजही माहीत नाही. तसे पाहता अधिकारी वडिलांच्या ओळखीचा होता, मला कोणी काही समजावले नव्हते, त्या काळी सगळेच असे करत. या सबबी मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवल्या आहेत की तुला ऐकवताना लाजही वाटत नाही. पुढे पस्तीस वर्षे मी पंचांची उलटतपासणी घेतली. लोक मला चोरांचा वकील म्हणाले, म्हणोत. पिंजऱ्यात मला दर वेळी सोप्यावर चहा पीत बसलेला तो मुलगा दिसे आणि मी त्याला सोडत नसे.

म्हणून तुला रागावतो आहे. सही चुकली, ती चुकलीच. तिच्यावर शपथेचे खोटे रचू नकोस, त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कोर्टात मूळ पंचनामा दाखवतील. सही तुझीच आहे, ती नाकारू नकोस. ती कोठे उभा राहून केलीस, खोलीचे दार तिथून दिसत होते का, मोबाईल पहिल्यांदा कोणाच्या हातात पाहिलेस, एवढेच सांग. सरकारी वकील तुला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारतील, तेव्हाही तेवढेच सांग. माल त्या खोलीत नव्हता असे म्हणू नकोस, कारण तेही तू पाहिलेले नाहीस.

माझ्याकडे तालीम करायला येऊ नकोस. आदल्या दिवशी हवालदार "जबाब वाचून दाखवायला" येईल, त्याला चहा दे आणि वाचून झाल्यावर निरोप दे. सकाळी तो जीप पाठवतो म्हणेल. जीपमध्ये बसू नकोस, कदंबाची बस पकड.

तुझा,
वकीलबाब